खाऊला पहारा

जवाहरनगरच्या आयुध निर्माणीच्या फाटकावर ओळखपत्र दाखवावे लागते, याबद्दल कोणी कुरकुरत नाही. आत स्फोटके बनतात. अंगणवाडीत असे काय बनते, की तिथे बाळाच्या आईचा चेहरा यंत्राने ताडून पाहावा? केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १ जुलै २०२५ पासून टीएचआरच्या, म्हणजे घरी न्यायच्या आहाराच्या पाकिटासाठी ‘पोषण ट्रॅकर’ या अ‍ॅपवर आधारशी जोडलेली चेहरा-पडताळणी सक्तीची केली. ही तारीख ठरवणाऱ्याने भंडारा जिल्ह्यात एकही पावसाळा काढलेला नसावा. जुलैत इथे धानाची रोवणी असते. आई बांधीत वाकलेली आणि पाकीट न्यायला आलेली आजी. आजीचा चेहरा यंत्रात नाही. मग बाळाने रोवणी आटोपेपर्यंत दम धरायचा?

सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला ठरावीक उष्मांकांचा आणि प्रथिनांचा आहार हा २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे, खिरापत नव्हे. आधार नाही म्हणून मुलाचा लाभ अडवू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बजावले. तरी पहारा बसलाच. चोरी होते म्हणे. होत असेल, ती ठेक्यात आणि गोदामात शोधा. ठेकेदाराचा चेहरा दरमहा कोण ताडून पाहतो?

आणि हा संशय सगळ्यांवर सारखा पडत नाही. बंगल्यातले मूल या पाकिटावर वाढत नाही. रांगेत असते ढिवराची, गोंडाची, पालावरची लेकुरवाळी. १८७१पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने यातल्या पालावरच्या लेकुरवाळीच्या पूर्वजांना सरकारदरबारी हजेरी लावायला लावले; १८९७च्या दुरुस्तीने तर अशा जमातींची चार वर्षांपासूनची मुले आईबापांपासून तोडून सुधारवसाहतीत ठेवण्याची सोय केली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. हजेरी घेण्याची खोड तेवढी उरली.

यंत्र जात पाहत नाही, असे सांगितले जाते. अमेरिकेत संशोधक जॉय बुओलाम्विनी यांनी २०१८ साली चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या पुरुषांबाबत चूक जेमतेम ०.८ टक्के निघाली, काळ्यासावळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत. त्या प्रणाली वेगळ्या, काम वेगळे, हे कबूल. पण उन्हात रापलेल्या चेहऱ्यांपुढे आपले यंत्र किती वेळा नकारार्थी मान हलवते, तो जिल्हावार आकडा तरी छापा.

पडताळणीचीच हौस असेल, तर याच जिल्ह्यात ती कुठे करायची होती हे सरकारला ठाऊक आहे. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून दहा तान्ही बाळे गेली. तिथे आयांचे चेहरे नव्हे, सरकारची स्वतःची खोली तपासायची राहिली होती.

नेटवर्क गेले की रांगेतल्या शिव्या खायला मात्र सेविका आहेच. तिला गावातली प्रत्येक आई आणि प्रत्येक आजी नावानिशी माहीत आहे. तिच्या वहीतली सही ग्राह्य धरा, आणि ती पुढच्या रोवणीच्या आत धरा.