पूर आला की कुत्र्याच्या सुईचं काय?

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण नाशिककर एकच प्रश्न विचारतो, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय? गुडघ्याला, कमरेला की छातीला? आज मला वेगळाच प्रश्न विचारायचा आहे. थोडा विचित्र वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा.

ऑगस्ट २०१९. दुतोंड्या मारुती अख्खा पाण्याखाली गेला होता, तो पूर. मी बातमीसाठी गोदाकाठी फिरत होतो. एका गल्लीत सत्तरीचे एक काका दारात उभे. पाणी पायरीला लागलेलं आणि काका बाहेर यायला तयार नाहीत. मदतीला आलेली पोरं विनवत होती, "काका चला, कुत्रं राहू द्या, त्याला पोहता येतं." काका म्हणाले, "त्याला दिसत नाही रे. आणि संध्याकाळी सुई द्यायचीय त्याला."

मी हसलो. खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी आजोबा कुत्र्यासाठी घर सोडेनात अशी चार ओळींची चौकट छापून आणली. लोकांनी मजेने वाचली.

तीन वर्षांनी आमच्या घरातला राजा भरमसाट पाणी प्यायला लागला. घरात लघवी करायला लागला, खाऊन-पिऊन वाळायला लागला. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, शुगर आहे. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने, जेवणासोबत इन्सुलिन. जन्मभर. वर्षाच्या आत त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांचं असंच होतं, हे मला तेव्हा कळलं.

मग ते काका आठवले. शोधत गेलो. त्यांनी मला ओळखलं नाही, ते बरंच झालं. त्या दिवशी शेवटी ते निघाले होते. एका शाळेत सोय केली होती, पण कुत्र्याला आत घेतलं नाही. दोन रात्री दोघंही बाहेर व्हरांड्यात. इन्सुलिनची बाटली घरी फ्रिजमध्ये राहिलेली आणि घरात पाणी. तिसऱ्या दिवशी कुत्र्याने खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरकडे नेईपर्यंत उशीर झाला होता. काका एवढंच म्हणाले, "पुरात नाही गेला तो. पुरानंतर गेला."

ते वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी आपल्या हातात आहे ते बोलू. गोदावरीचा पूर न सांगता येत नाही. धरणातून किती क्युसेक पाणी सुटणार हे आधी जाहीर होतं, व्हॉट्सॲपवर फिरतं. म्हणजे आपल्याला काही तास मिळतात. ते पिशवी शोधण्यात घालवायचे की बाहेर पडण्यात, हे जून उजाडायच्या आत ठरतं.

आमच्या दाराला एक पिशवी कायम टांगलेली असते. त्यात सिरिंजचं जास्तीचं पाकीट, ग्लुकोमीटर आणि पट्ट्या, आठवडाभराचं नेहमीचं खाणं, पाण्याची बाटली, गळ्याचा पट्टा, तोंडाची जाळी, ग्लुकोज पावडर आणि मध. प्लॅस्टिकच्या पाकिटात एक कागद, त्यावर इन्सुलिनचं नाव, किती युनिट, किती वाजता, डॉक्टरांचा नंबर, रेबीजच्या लसीची तारीख आणि राजाचा फोटो. मी बातमीवर बाहेर असलो, तर शेजारच्या वहिनींनाही तो कागद वाचून सुई देता आली पाहिजे. त्यांना दोनदा करून दाखवलंय. इन्सुलिनची एक बाटली संपायच्या आत दुसरी घरात असते.

फ्रिज बंद पडला म्हणून लगेच घाबरू नका. माणसांचं इन्सुलिन कुत्र्याला चालू असेल तर वापरातली बाटली साध्या खोलीच्या तापमानात साधारण चार आठवडे टिकते. तरी बाटलीसोबतची चिठ्ठी वाचा. उन्हाळ्यात मातीचं मडकं ओल्या फडक्यात गुंडाळून त्यात कोरडी बाटली ठेवली तरी चालतं. बर्फावर मात्र ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं.

खरा धोका घाईत औषध आणण्यात आहे. आपल्याकडे मेडिकलमध्ये ४० युनिटची बाटली मिळते आणि १०० युनिटचं पेनाचं काडतूसही मिळतं. सिरिंजही दोन्हींच्या वेगळ्या. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर प्रत्यक्षात २५ युनिट जातात. अडीचपट. कुत्रा यात दगावू शकतो. दुकानदाराने "तेच आहे" म्हटलं तरी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा स्वतः जुळवून बघा.

आणखी तीन गोष्टी आमच्या डॉक्टरांनी घोकून घेतल्यात. कुत्रा जेवला नसेल तर पूर्ण डोस द्यायचा नाही, आधी फोन करायचा. सुई दिली की नाही हे आठवत नसेल तर पुन्हा द्यायची नाही. एखादा डोस चुकलेला निभावतो, डबल डोस निभावत नाही. आणि कुत्रा लडखडायला, थरथरायला लागला तर हिरड्यांना मध चोळून डॉक्टर गाठायचा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतायचं नाही.

हे झालं आपलं काम. पण काकांकडे ही पिशवी असती, तरी रात्र व्हरांड्यातच गेली असती. म्हणून दुसरा प्रश्न महापालिका आणि जिल्हा प्रशासनाला.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात आपत्तीची व्याख्या आहे. तीत माणसं आहेत, मालमत्ता आहे, पर्यावरण आहे. जनावरांचा वेगळा उल्लेख नाही. भरपाईच्या सरकारी निकषांत दुभती जनावरं, बैल, कोंबड्या येतात. ते योग्यच आहे, शेतकऱ्याचं पोट त्यावर आहे. घरातला कुत्रा मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही.

कोणी म्हणेल, माणसांना जागा नाही आणि तुम्ही कुत्र्यांचं काय घेऊन बसलात? तर मी माणसांचंच बोलतोय. काका ज्या दारात अर्धा तास अडून बसले, त्या दारात तीन पोरं कमरेइतक्या पाण्यात उभी होती. त्यांच्याही घरी कुणी वाट बघत होतं. "कुत्र्यालाही जागा आहे, चला" एवढं सांगता आलं असतं, तर ती पोरं पाच मिनिटांत पुढच्या दारी गेली असती. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळात कितीतरी लोक जनावरांना सोडवेना म्हणून घरातच राहिले. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला की बाहेर काढण्याच्या आराखड्यात पाळीव जनावरांचाही विचार झाला पाहिजे. तो काही फक्त प्राणीप्रेमातून झाला नाही.

आपल्याला कायद्याची वाट बघायची गरज नाही. महापालिकेचे सहा विभाग आहेत. दर विभागात निवाऱ्याची एक शाळा अशी ठरवा, जिथे एक वर्ग किंवा पत्र्याची शेड जनावरांसाठी राहील. ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते, त्यांच्यापासून लांब. पावसाळ्याच्या आराखड्यात त्या सहा शाळांची नावं आणि तिथे येणाऱ्या पशुवैद्याचा नंबर छापा. १०७७ वर फोन केला तर तिकडच्या माणसाला हे सांगता आलं पाहिजे. खर्च किती? एक शेड आणि एक कागद.

आणि पूर सोडा, समोर सिंहस्थ आहे. २०१५ च्या पहिल्या पर्वणीला बॅरिकेडिंगमुळे आपणच आपल्या गावात कसे अडकलो होतो, ते विसरलात का? २०२७ ची अमृतस्नानं भर पावसाळ्यात आहेत. तेव्हा पशुवैद्याला बॅरिकेड ओलांडायला पास मिळणार का, हे आत्ताच विचारायला हवं. कोरोनात पशुवैद्यकीय दवाखाने अत्यावश्यक सेवेत धरले होते. मग पर्वणीत का नकोत?

त्या चौकटीबद्दल काकांना मी अजून सांगितलेलं नाही. हे वाचून ओळखलंच त्यांनी, तर माफी मागायला घरी जाईन.

तुमच्या घरी किंवा शेजारी मधुमेही कुत्रा असेल, तर आज रात्री एवढंच करा. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून बघा आणि तो कागद लिहून काढा. बाकी पिशवी रविवारी भरा. आणि ही पोस्ट तुमच्या प्रभागातल्या लोकप्रतिनिधीला पाठवा. तुमच्या भागात कुठली शाळा योग्य ठरेल, ते कमेंटमध्ये सांगा. यादी करून मी स्वतः महापालिकेत देऊन येतो. काय उत्तर मिळतं, तेही इथेच लिहीन.