लेन्स हवी, पण कुठल्या फोटोसाठी?

लग्नसराई उरकली, हातात चार पैसे खुळखुळले, की आमच्या साताऱ्याच्या स्टुडिओतली पोरं विचारायला लागतात, "दादा, पंच्याऐंशीची घेऊ का? एक पॉइंट चारवाली?" मी म्हणतो, आहे त्या लेन्समुळे हुकलेला एक फोटो दाखव. बहुतेकांना दाखवता येत नाही. "बॅकग्राउंड उडत नाही" हे कारण मी धरत नाही. नवरीला भिंतीपासून चार पावलं पुढे आणलं की तेही बरंचसं उडतं.

एकाने मात्र संध्याकाळच्या हळदीचे फोटो उघडले. किट लेन्स, ५५ एमएम, एफ ५.६, आयएसओ ६४००, तरीही शटर १/३० वर घसरलेलं. चेहरा रवाळ, हळद लावणारा हात हललेला. इथे लेन्सच कमी पडली होती. त्याला मी पन्नासची एफ १.८ घ्यायला सांगितली. तिच्यातून त्या किट लेन्सच्या जवळपास दहापट प्रकाश आत येतो, आणि त्याच्या क्रॉप सेन्सरवर ती ७५-८० एमएमसारखी चौकट देते. खांद्यापर्यंतच्या पोर्ट्रेटला बरोब्बर. शिवाय खिशाला झेपणारी.

पोर्ट्रेटसाठी मुद्दाम आखलेली लेन्सही मुळात याच गरजेतून आली. व्हिएन्नात गणित शिकवणाऱ्या जोसेफ पेट्झव्हालने १८४० मध्ये साधारण एफ ३.६ ची लेन्स आखली. त्याआधीच्या मंद लेन्ससमोर माणसाला मिनिटं-मिनिटं पुतळा होऊन बसावं लागे. बॅकग्राउंड उडवायचं वेड फार पुढचं.

पंच्याऐंशी एफ १.४ वाईट नाही. पण फुल फ्रेमवर, दीड मीटरवरून, पूर्ण उघडली तर फोकसची खोली जेमतेम अडीच सेंटिमीटर. मान जरा वळली की एक डोळा लख्ख, दुसरा मऊ. मग पोरं ती २.८ वर आणून ठेवतात. मग जादा पैसे मोजले कशाचे? क्रॉपवर तर दहा बाय दहाच्या खोलीत फोटोग्राफरची पाठच भिंतीला टेकते. ज्याच्याकडे फुल फ्रेम आहे आणि अंगणात, बागेत काम जास्त आहे, त्याने पंच्याऐंशी जरूर घ्यावी. माझं मत एफ १.८ ला.

तीही आधी दोन दिवस भाड्याने आणावी, एखादा साखरपुडा तिच्यावर काढावा. आणि घ्यायचं ठरलंच तर दिवाळीआधी घ्यावी. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, आणि नवी लेन्स हाताला बसायला तेवढे दिवस लागतातच.