भिंतीत दडलेलं पाणी

ऑफिसच्या फॉल्स सीलिंगवरचा तो पिवळट डाग आठवतोय? एसीचं पाणी गळत राहिलं, की जिप्सम बोर्ड ओल्या बिस्किटासारखा मऊ पडतो. आणि हाच जिप्सम अमेरिकेत घराच्या बाहेरच्या भिंतीला लावतात! न्यू जर्सीत घर शोधणाऱ्या मैत्रिणीकडून हे ऐकून मी उडालेच.

तिकडच्या घरांचा सांगाडा बहुतेक लाकडी. त्यावर बाहेरून प्लायवूड, ओएसबी किंवा जिप्समचं शीदिंग, मग पाणी अडवणारा थर आणि शेवटी दिसणारं सायडिंग. यात जिप्सम कशाला? आगीसाठी. जिप्समच्या वजनात साधारण २१ टक्के पाणी रासायनिकरीत्या बांधलेलं असतं. आगीत त्याची वाफ होते आणि ती होईपर्यंत मागचं लाकूड फारसं तापत नाही. शेजाऱ्याची भिंत हात लांबवला तर लागेल इतकी जवळ असेल, तर ही मिनिटं लाखमोलाची.

गोची आहे कागदाची. साध्या बोर्डावरचा कागद ओला राहिला, की बुरशीला मेजवानीच. म्हणून १९८०च्या दशकात जॉर्जिया-पॅसिफिकने कागदाऐवजी काचतंतूंचं आवरण असलेला डेन्सग्लास आणला. पिवळाधमक, लांबूनही ओळखू येतो. पण म्हणून तो रेनकोट नव्हे हं! शिवाय त्यात खिळा नीट धरत नाही आणि वाऱ्यात सांगाडा ताठ ठेवायला प्लायवूडच जास्त भरवशाचं.

तेव्हा तिकडे घर बघत असाल, तर मॉड्युलर किचन नंतर. आधी बिल्डरला विचारा, बोर्ड कागदाचा की काचतंतूंचा? आणि खिडकीपाशी आत शिरलेलं पाणी बाहेर कुठून जाणार?