पहिली ४० अक्षरं

गेल्या व्हिडिओत मी खरेदीचे रेट आणि कामगारांचा विश्वास यावर बोललो, तेव्हा अमेरिकेतल्या एका कॉलेज क्विझचा ओझरता उल्लेख केला होता. व्हिडिओत दहा मिनिटांत तो विषय बसला नाही, म्हणून इथे नीट लिहितोय. वह्या-पुस्तकं विकणाऱ्या दुकानदाराचा क्विझशी काय संबंध, असं म्हणाल. शेवटपर्यंत वाचा, संबंध आहे आणि तो मला फारसा सुखाचा नाही.

आधी थोडा इतिहास. डॉन रीड नावाच्या माणसाने बनवलेला 'कॉलेज बोल' हा खेळ १९५३ मध्ये अमेरिकेत एनबीसी रेडिओवर सुरू झाला. चार-चार विद्यार्थ्यांच्या दोन टीम, समोर बझर, जो आधी दाबेल तो बोलणार. १९५९ च्या जानेवारीत तो सीबीएसवर टीव्हीत आला, जनरल इलेक्ट्रिकच्या पैशावर. ही वेळ लक्षात घ्या. आदल्याच वर्षी तिकडे टीव्हीवरच्या क्विझचं मोठं लफडं बाहेर आलं होतं. 'ट्वेंटी-वन' सारख्या कार्यक्रमात स्पर्धकांना आधीच उत्तरं देत होते. लोकांचा क्विझवरचा विश्वास उडालेला असताना कॉलेज बोल मात्र चालला, १९७० पर्यंत चालला. माझ्या मते कारण साधं आहे. समोर पैशासाठी आलेला एकटा माणूस नव्हता, कॉलेजचं नाव घेऊन बसलेली पोरं होती. १९६६ मध्ये जॉर्जियातल्या अ‍ॅग्नेस स्कॉट नावाच्या मुलींच्या छोट्या कॉलेजने प्रिन्स्टनला २२० विरुद्ध २१५ असं हरवलं, तेही अगदी शेवटच्या क्षणी. असा सामना बघितल्यावर कोण म्हणेल हे ठरवून केलंय?

हाच खेळ १९६२ मध्ये इंग्लंडला गेला आणि 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' झाला. तो आजही चालू आहे. त्याची भारतातली आवृत्ती सिद्धार्थ बसू घ्यायचे आणि तिचा पहिला सीझन आपल्या मुंबईच्या सरदार पटेल इंजिनिअरिंग कॉलेजने जिंकला. हे मी आमच्या बीबीएच्या वर्गात सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. आमच्या कॉलेजची क्विझ म्हणजे 'भारताचे पहिले अमुक कोण' एवढीच.

आता धंद्याचा भाग. टीव्हीवरून उतरल्यावर कॉलेज बोल कॉलेजांच्या आवारात स्पर्धा म्हणून चालू राहिला. कंपनी प्रश्न पुरवायची, कॉलेजं पैसे भरायची. हळूहळू खेळाडूंची कुरकुर सुरू झाली. प्रश्न उथळ, जुनेच परत येतात, फी जास्त. आपल्याकडे गिऱ्हाईक अशी कुरकुर करतं तेव्हा आपण काय म्हणतो? 'परवडत नसेल तर दुसरीकडे बघा.' त्या पोरांनी खरंच दुसरीकडे बघितलं. स्वतःच प्रश्न लिहायला लागले. १९९० च्या दशकात एसीएफ आणि १९९६ मध्ये एनएक्यूटी अशा संस्था उभ्या राहिल्या, दोन्ही खेळणाऱ्यांनीच काढलेल्या. १९९७ पासून एनएक्यूटीची राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा सुरू झाली. २००८ मध्ये जुन्या कॉलेज बोलची आवारातली स्पर्धा बंद पडली. गिऱ्हाईकच कारखानदार झालं, एवढीच गोष्ट.

त्यांची फीची पद्धत मला फार आवडते. स्वतःचा बझरचा सेट घेऊन या, फीत सूट. प्रश्न वाचायला माणूस आणा, सूट. काही स्पर्धांत तर तुमच्या टीमने प्रश्नांचा संच लिहून दिला की मोठी सूट. म्हणजे कच्चा माल, यंत्र आणि कामगार तिन्ही गिऱ्हाइकाकडूनच, आणि गिऱ्हाईक खूश. आपल्या भिशीत किंवा गणपती मंडळात हेच चालतं, पण धंद्यात करायचं म्हटलं की आपल्याला लाज वाटते.

पण या पद्धतीत एक भोक आहे. प्रश्न लिहिणारा आणि प्रश्न सोडवणारा एकाच खोलीत बसतात.

ते भोक समजायला त्यांचा प्रश्न कसा असतो ते बघा. पिरॅमिडसारखा. सगळ्यात अवघड धागा आधी, सोपा शेवटी. समजा उत्तर लोकमान्य टिळक आहे. सुरुवात होईल 'ओरायन' या ग्रंथापासून, मग मंडालेचा तुरुंग येईल, शेवटी केसरी. केसरीला तर कुणीही बझर दाबेल. ओरायनला जो दाबतो तो खरा वाचलेला. एनएक्यूटीत लवकर दाबून बरोबर सांगितलं तर १५ गुण, नंतर १०, आणि प्रश्न अर्ध्यात तोडून चुकलात तर ५ वजा. म्हणजे सगळी किंमत पहिल्या ओळीला.

२०१३ च्या मार्चमध्ये एनएक्यूटीने हार्वर्डची चार राष्ट्रीय विजेतेपदं काढून घेतली. झालं असं की काही कॉलेज खेळाडू एनएक्यूटीसाठी शाळांच्या स्पर्धांचे प्रश्नही लिहायचे. त्या कामासाठी त्यांना वेबसाइटच्या आतल्या पानांचं लॉगिन होतं. त्यातल्या एका पानावर येणाऱ्या कॉलेज स्पर्धेच्या प्रश्नांची पहिली ४० च्या आसपास अक्षरं दिसत होती. हार्वर्डच्या टीममधल्या एका खेळाडूने स्पर्धेच्या आधी ती पानं उघडली होती, हे सर्व्हरच्या नोंदीत सापडलं. आणखी काही विद्यापीठांच्या खेळाडूंवरही कारवाई झाली.

आता नीट वाचा. एनएक्यूटीने स्वतःच सांगितलं की या माहितीचा सामन्यात फायदा घेतला असा पुरावा आमच्याकडे नाही. तो खेळाडू तसाही हुशार होता, कदाचित न बघताही जिंकला असता. तरी विजेतेपद गेलं आणि खालची टीम वर सरकली.

माझं मत विचाराल तर निर्णय बरोबर होता. पण दोन गोष्टी मला खटकतात. एक, त्याच्या टीममधल्या ज्यांनी काहीच बघितलं नव्हतं त्यांचंही गेलं. ते पटायला मला वेळ लागला. मग वाटलं, टीमचा गुण एकत्र मोजता तर वजाबाकीही एकत्रच होणार. भागीदारीत एकाने केलेली उधारी दुसऱ्याच्या दारात येतेच. दुसरी गोष्ट, ते पान उघडं ठेवलं कुणी? संस्थेनेच. गल्ला उघडा ठेवून गेलेल्या मालकाने नोकराला चोर म्हणताना आपलीही मान थोडी खाली घालावी. तुमच्या दुकानात सोडून गेलेल्या पोराचा बिलिंगचा पासवर्ड अजून चालू आहे का, हे आज रात्रीच बघा.

आता माझा भाग. सात वर्षांपूर्वी, मे महिना, शाळेच्या सीझनच्या आधी. एका डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन दुकानात आला, रेटलिस्ट दाखवायला फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर फोनवर कुणाशी तरी बोलायला गेला, दुसरा फोन होता त्याच्याकडे. मी रेटलिस्ट बघितली. मग अंगठा वर सरकवला. समोरच्या रस्त्यावरच्या काकांची ऑर्डर होती. किती डझन, कुठला ब्रँड, काय रेटने. अर्धा मिनिट लागला असेल. सेल्समन आत आला, मी फोन परत दिला, चहा मागवला.

त्या जूनमध्ये मी दोनशे पानी वही त्यांच्यापेक्षा दोन रुपयांनी खाली लावली. सीझन जोरात गेला. पुढच्या वर्षी काकांनी वह्या ठेवणं बंद केलं, आता फक्त झेरॉक्स आणि रिचार्ज करतात. मी बघितल्यामुळे झालं का? खरंच सांगता येत नाही. त्यांचा मुलगा पुण्याला गेला होता, गुडघे दुखत होते, ऑनलाइनवाले आलेच होते. मी तसाही दोन रुपये कमी केले असते, हे मी स्वतःला शंभर वेळा सांगितलंय. हार्वर्डची बातमी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या लक्षात आलं की 'तसाही जिंकलो असतो' हे वाक्य मला आता कधीच सिद्ध करता येणार नाही. ती संधी मी अंगठ्याने घालवली. तो सीझन माझ्या वहीत नफा म्हणून लिहिलेला आहे, पण क्लासमध्ये 'मी धंदा कसा वाढवला' सांगताना मी त्या वर्षावरून पटकन पुढे जातो. माझे जुने विद्यार्थी हे वाचत असतील तर त्यांना आठवेल.

काही जण म्हणतील, धंद्यात एवढं चालतंच, बाजारात सगळेच डोकावतात. डोकावू द्या. दुकानाबाहेरची पाटी वाचणं वेगळं, गिऱ्हाईक पाठवून भाव काढणं वेगळं, आणि दुसऱ्याने विश्वासाने हातात दिलेली वस्तू उलटी करून बघणं वेगळं. पहिल्या दोन गोष्टी मी आजही करतो आणि तुम्हालाही शिकवतो.

हा लेख टाकायच्या आधी परवा संध्याकाळी काकांकडे जाऊन आलो. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "दोनशे पानीच ना?" मी हो म्हणालो. मग ते गुडघ्याच्या ऑपरेशनला किती खर्च येतो ते सांगत बसले, आणि मी साडेआठपर्यंत तिथेच बसलो.