पाणथरी आणि ती पाटी

नाशकातल्या कुठल्याही सोनोग्राफी सेंटरात जा, 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी दिसणारच. आत मात्र कुणाच्या पित्ताशयातले खडे शोधत असतात, कुणाची पाणथरी मोजत असतात. स्वादुपिंड वायूमागे दडलं, की सीटी स्कॅनला रवानगी!

पाटी हवीच, वादच नाही. मुली वाचाव्यात म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांत आधी कायदा केला, १९९४ ला केंद्राचाही आला.

पण सुरगाणा-पेठकडच्या सिकलसेलच्या पोरांचं काय? त्यांच्या रक्तपेशी फुटत राहतात, लहानपणीच पाणथरी सुजते, पुढे पित्ताशयात खडे होतात. आणि २०१२ च्या नियमांमुळे लॅपटॉपएवढं मशीनसुद्धा कुणा डॉक्टरला पाड्यावर सहज नेता येत नाही.

काही जण म्हणतात, नियम सैल करा. मला नाही पटत. इतर आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या दवाखान्यात, रीतसर नोंदणी करून, मशीन ठेवायची मुभा त्याच नियमांत आहे. मग ती वाट वापरा की! मुलगी वाचवायची आणि आजारी पोरही, यात भांडण कसलं?

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.