बाजू न घेणाऱ्यांचा गुन्हा

‘बस्तरचे आदिवासी नक्षलवाद्यांना जेवू घालतात, म्हणजे ते त्यांचेच’ हा युक्तिवाद आम्ही सरकारी सेवेत असताना ऐकला आणि आता सुशिक्षितांच्या बैठकांतही ऐकतो. तो आम्हांस मुळीच मान्य नाही.

रात्री बंदुका घेऊन दारात आलेल्या दलमला भात नाकारणे कोणाला शक्य होते, हे टीकाकारांनी आधी सांगावे. सकाळी त्याच दारात पोलीस येऊन रात्रीचे पाहुणे कोण, असे विचारतात. खरे सांगावे तर ‘खबऱ्या’ म्हणून जीव जातो, गप्प बसावे तर तुरुंग. अशा वेळी मौन पाळणे, दोघांनाही होकार देणे आणि अखेरीस गाव सोडणे एवढेच उपाय उरतात. यास आम्ही शहाणपण म्हणतो.

जून २००५ मध्ये ‘सलवा जुडूम’ सुरू झाले आणि हे शहाणपणही गुन्हा ठरले. छावणीत न येणारा तो माओवादी, असा हिशेब झाला. शेकडो गावे ओस पडली. छावणीत गेलेल्यांवर जुलै २००६ मध्ये एर्राबोर येथे माओवाद्यांनी हल्ला करून तीसहून अधिक माणसे मारली. गावात राहणाऱ्यांनाही अभय नव्हते. जून २०१२ मध्ये सारकेगुडा येथे सुरक्षा दलांच्या गोळीबारात १७ जण गेले. ते माओवादी असल्याचा पुरावा नाही, हा न्यायिक आयोगाचा निष्कर्ष २०१९ मध्ये उजेडात आला. आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून या लढाईत उतरवणे सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ रोजी घटनाबाह्य ठरवले. मग या लोकांनी कोणती बाजू घ्यावयास हवी होती?

हजारो जण जीव मुठीत धरून गोदावरीकाठी, तेव्हाच्या खम्मम जिल्ह्यात आले. अनुसूचित जमातींची यादी राज्यवार असल्याने छत्तीसगडातील आदिवासी येथे ‘गुत्तीकोया’ झाला आणि जमातीच्या दाखल्याला मुकला. दाखला नाही म्हणून वनहक्काचा दावाही अडला. नियम आड येतो, असे सांगणाऱ्यांनी घटनेचा अनुच्छेद ३४२ वाचावा. यादीत भर घालण्याचा अधिकार संसदेला आहे. प्रस्ताव मात्र कोणीतरी लिहावा लागतो. आमच्या वाचकांत निवृत्त अधिकारी पुष्कळ आहेत. आदिवासींच्या निष्ठेची चौकशी पुरे झाली. त्यांचा अर्ज लिहून देण्यास आता कोण पुढे येतो, ते पाहू.