फास्टर फेणे सज्ञान होतो!

आमच्या बँकेत माणसाचे दोनच प्रकार. अठराच्या आतला तो ‘अज्ञान’ आणि अठरा पुरी झाली की ‘सज्ञान’. रात्री अज्ञान झोपलेला इसम सकाळी एक फॉर्म, एक फोटो आणि एक नवी सही देतो की झाला सज्ञान! गौतम बुद्धाला ज्यासाठी वर्षानुवर्षं तप करावं लागलं, ते आम्ही जेवणाच्या सुट्टीआधी उरकतो. परवा एक शेतकरी काका मुलाला घेऊन काउंटरवर आले. म्हणाले, “सायेब, पोट्टं अठराचं झालं. आता त्याचीच सही चालन म्हनते. पन पैसे भराले मलेच या लागन ना?” म्हटलं, “काका, त्या नियमात काहीही बदल नाही.”

हे सगळं आठवायचं कारण असं की, आमचा एक लाडका अज्ञान असाच एका रात्रीत सज्ञान करण्यात आला. आणि तोही आम्हा वाचक-पालकांची संमती न घेता. नाव बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे, मूळ गाव फुरसुंगी, शाळा पुण्याची विद्याभवन, अंगकाठी नावालाच, वाहन सायकल आणि ओळखीची खूण ‘ट्टॉक्’! एवढं केवायसी माझं आजही तोंडपाठ आहे. भा. रा. भागवतांनी त्याची वीसेक पुस्तकं लिहिली. हा पोरगा काश्मिरात गेला, प्रतापगडावर गेला, पण विशीत काही गेला नाही. भागवत १९१० सालचे. त्यांनी स्वतः साठी ओलांडली, पण फेण्याला मिसरूड फुटू दिलं नाही. १९८७ साली सुमीत राघवन दूरदर्शनवर फेणे झाला, तोही शाळकरीच.

ही पुस्तकं मी अकोल्यातल्या मे महिन्याच्या दुपारी, कूलरसमोर उताणं पडून वाचली. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ व्हायचं आणि इकडे मी सायकलवरून गुंडांच्या मागे सुटलेलो असायचो.

तर २०१७ च्या ऑक्टोबरात ‘फास्टर फेणे’ सिनेमा आला. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. आपलं बालपण तिला पडद्यावर दाखवू या म्हणून मोठ्या तोऱ्यात घेऊन गेलो. अंधार झाला, फेणे अवतरला आणि मुलगी कानाशी लागली, “बाबा, तुम्ही तर मुलगा म्हणाला होतात. हा तर काका आहे!”

काका नव्हता, अमेय वाघ होता. पण दहा वर्षांच्या पोरीला तो काकाच. आता खोटं कशाला बोला? सिनेमा चांगला बांधलेला होता. अमेय वाघनं काम झोकात केलं, गिरीश कुलकर्णींचा खलनायक पाहून तर मला आमचे इन्स्पेक्शनवाले साहेब आठवले. शिवाय दिलीप प्रभावळकरांना भागवतांच्या भूमिकेत आणून लेखकाचा मानही राखला होता. माझी तक्रार एकच. तो फेणे नव्हता.

तरण्याताठ्या माणसानं गुंड पकडला तर ती बातमी होते. शाळकरी पोरानं पकडला तर गोष्ट होते. मोठी माणसं ज्याला ‘गप बस’ म्हणतात, नेमकं त्यालाच खरं काय ते दिसलेलं असतं, ही त्यातली गंमत. फेण्याला दाढी आली की त्याला ‘गप बस’ म्हणणार कोण?

यावर आमचे एक मित्र म्हणतात, “अरे, वाचक मोठे झाले, म्हणून फेणेही मोठा झाला!” वा! आम्हाला टक्कल पडलं म्हणून मारुतीचं शेपूट कापायचं का? कृष्णानं मोठेपणी गीता सांगितली, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. म्हणून गोकुळाष्टमीला पाळणा काढून कोणी आरामखुर्ची मांडत नाही.

ही साथ सगळीकडेच आहे म्हणा. जपानच्या नोबितालाही २०२० सालच्या सिनेमात बोहल्यावर चढवला. तो बिचारा स्वतःच्याच लग्नातून पळाला. अख्ख्या सिनेमात मला पटलेला तेवढाच एक शहाणपणा!

पण खरं दुखलं ते वेगळ्याच ठिकाणी. सिनेमातला फेणे पुण्याला येतो कशासाठी? मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी! अहो, प्रवेश परीक्षा बघायला मी तिकीट कशाला काढू? आमच्या अकोल्यात गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तरी दिसते. इथे सहावीतली पोरं पाठीवर ‘फाउंडेशन’चं ओझं घेऊन फिरतात. घराघरातल्या पोरांची सायकल आपण काढून घेतली, आणि ज्या एकाची उरली होती, त्यालाही शेवटी परीक्षेला बसवलं. नीट बसवलं!

मी ‘आपण’ म्हटलं ते उगाच नाही. सिनेमानंतर चारच वर्षांनी मुलीच्या क्लासच्या फीचा चेक मीच फाडला. तोंडातून ‘ट्टॉक्’ निघालं नाही.

मी कॉमर्सचा माणूस. दरवर्षी यंत्रांवर घसारा लावा, खुर्च्या-टेबलांवर लावा, असं आम्हाला शिकवलं. जमिनीवर मात्र लावायचा नाही. बालवाङ्मयातली पोरं ही जमीन आहे, साहेब! तिच्यावर वयाचा घसारा लावू नका. मोठ्यांसाठी हवे तेवढे मोठे नायक नवे जन्माला घाला, मी तिकीट काढून येईन. पण पोरांच्या वाट्याची एवढीशी जागा, तिथेही आपणच रुमाल टाकून बसायचं?

परवा मुलगी अठराची झाली. तिचं खातं सज्ञान करायला बँकेत आली. दहाव्या वर्षी तिनं स्वतः सही करून उघडलेलं ते खातं. जुन्या कार्डावरच्या सहीत अनुस्वाराच्या जागी एक फूल होतं. नवी सही अगदी सरळ, डॉक्टरी. नियमाप्रमाणे जुनी सही रद्द झाली. माझा काही इलाज नव्हता. बँकेत नियम असतो.

पुस्तकात नसतो. सगळ्या जगाची खाती सज्ञान करा हो. एक फुरसुंगीचं खातं तेवढं अज्ञान राहू द्या. पालक म्हणून सही करायला मी तयार आहे.